दिवसभराची यॉट आणि फुकेतची बेटं: बेळगाव-खानापूर-निपाणीकरांचे नेहमीचे प्रश्न

गोव्याचा समुद्र आपल्याला घरचाच. शनिवारी दुपारी चोर्ला घाट उतरायचा, रविवारी रात्री परत चढायचा, ही सवय बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या माणसाला आहे. पण ती काठावरची ओळख. अख्खा दिवस बोटीवर काढायचा आणि बेटांवर उतरायचं म्हटलं की हीच मंडळी शंभर प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच हवेत. आम्ही इथून थायलंडच्या फुकेतला छोटे गट नेतो. दुकानात, फोनवर, लग्नाच्या पंगतीत जे विचारलं जातं ते खाली आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्या तोंडचेच ठेवलेत.

यॉट म्हणजे काय हो? मांडवीवर संध्याकाळी गाणी लावून फिरते तसली बोट काय?

नाही. ती नदीतली बोट, तासाभरात परत धक्क्याला लागते. फुकेतला दिवसभरासाठी मिळते ती बहुतेक वेळा कॅटामरान असते. शेजारी शेजारी दोन सांगाडे, त्यांना जोडणारा रुंद डेक, वर शीड आणि खाली दोन इंजिनं. रुंदीमुळे ती एका सांगाड्याच्या बोटीपेक्षा कमी कलते. पुढे दोन सांगाड्यांच्या मध्ये जाळं ताणलेलं असतं, त्यावर लोळता येतं. पोरं एकदा तिथे बसली की हलत नाहीत. खालून लाटेचं पाणी उडतं, म्हणून खिशात मोबाईल ठेवून तिकडे जाऊ नका.

शीड बघून लोकांना वाटतं की आपण वाऱ्यावर जाणार. वारा चांगला असला तर कॅप्टन शीड उघडतो आणि इंजिन बंद करतो. तेवढा वेळ खरंच वेगळा असतो, नुसता पाण्याचा आवाज. बाकी प्रवास इंजिनावरच. वेग सात ते नऊ नॉट, म्हणजे तासाला १३ ते १७ किलोमीटर. स्पीडबोट याच्या तिप्पट पळते. यॉट हळू असते हे आधीच मनात पक्कं करा. कुठली बेटं बघायची हे त्यावरच ठरतं.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथं करायचं काय?

आठच्या सुमारास हॉटेलवर गाडी येते. बऱ्याच बोटी फुकेतच्या दक्षिणेकडच्या चलाँग धक्क्यावरून सुटतात. धक्का लांबलचक आहे, त्यामुळे टोकापर्यंत छोट्या ट्राममधून नेतात. बोटीवर चढताना चपला-बूट टोपलीत टाकायचे आणि दिवसभर अनवाणी राहायचं, कारण बुटांचे काळे डाग डेकवर उठतात. मग लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात आणि बोट निघते. पहिल्या बेटाजवळ नांगर टाकला की चष्मा आणि नळी लावून मासे बघायचे, म्हणजे स्नॉर्कलिंग. मग जेवण, दुसरं बेट, कयाक म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, वाळूवर लोळणं. परतताना बऱ्याच बोटी प्रॉमथेप टोकाजवळ सूर्यास्तासाठी थांबतात. तिथे सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो. सातपर्यंत धक्क्यावर.

मध्ये मध्ये काहीच नसतं. रोज सकाळी शटर उघडणाऱ्या माणसाला पहिला तास जड जातो. जेवणानंतर तोच माणूस जाळ्यावर घोरत असतो.

कुठली बेटं घ्यावीत? जाहिरातीत एका दिवसात सात बेटं लिहिलंय.

सात बेटं म्हणजे सात वेळा चढणं-उतरणं आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. ते स्पीडबोटवाल्यांचं काम. यॉट घेतली तर एक किंवा दोन बेटं, त्याहून जास्त नको. आमचा सगळ्यात जास्त वाद गिऱ्हाईकांशी इथेच होतो.

सगळ्यात जवळ कोरल बेट, स्थानिक नाव को हे. पाऊण तासाच्या आसपास पोहोचतो. पाणी उथळ, लहान मुलांना सोयीचं, पण गर्दी भरपूर. पॅरासेलिंग आणि बनाना बोटीचा गोंगाट इथेच. त्याच्या पुढे दक्षिणेला राचा याय. यॉटने दीड तास, कधी त्याहून थोडा जास्त. पांढरी पिठासारखी वाळू आणि तळ दिसेल असं पाणी. हे बेट उघड्या समुद्रात आहे, म्हणून जाताना लाटा लागतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही सकाळी राचा आणि दुपारी कोरल सांगतो. लांबचा आणि हलणारा टप्पा सकाळी ताज्या अंगाने होऊन जातो.

फी फीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. चुनखडीचे सरळसोट कडे समुद्रातून वर आलेले, दृश्य फोटोतल्याइतकंच भारी. पण ते फुकेतपासून ४५ किलोमीटरच्या पुढे आहे. शिडाच्या यॉटने नुसतं जायलाच तीन तास लागतात, दिवस संपला तिथेच. फी फी हवंच असेल तर त्या दिवशी वेगवान बोट घ्या. तिथला प्रसिद्ध माया बे किनारा पर्यटकांच्या गर्दीने पोवळ्यांची वाट लागल्यामुळे जून २०१८ मध्ये बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये परत उघडला. आता बोटी समोरून आत येऊ देत नाहीत. मागच्या लोह सामा खाडीत उतरून चालत जायचं. पाण्यात गुडघ्यापर्यंत उभं राहता येतं, पोहायला बंदी. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये दरवर्षी पूर्ण बंद. काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क तिथे परत आलेत, नशीब असलं तर काठावरूनच दिसतात.

सिमिलान बेटांचं पाणी या सगळ्यांत सरस आहे. पण ती उत्तरेला लांब, खाओ लाककडून स्पीडबोटीने गाठायची, आणि १५ ऑक्टोबर ते १५ मे एवढीच उघडी. फांग ङाच्या उपसागराचं पुढच्या प्रश्नात येतंय.

मेच्या सुट्टीत जाऊया की. पोरांच्या शाळा तेव्हाच बंद असतात.

इथेच घोडं अडतं. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत सुट्टी, आणि फुकेतला मेमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू होतो. आपल्याकडे जून उजाडल्यावर येतो तो पाऊस त्यांच्याकडे काही आठवडे आधी पोहोचतो आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. कोकणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात जातात. फुकेतच्या पश्चिम बाजूला तेवढ्यात भरवसा येत नाही, दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं. रोज धो धो पडतो असं नाही, दोन तास कोसळून ऊन पडतं. अडचण पावसाची नसून लाटांची आहे. राचाच्या वाटेवर लाट वाढते, पाणी ढवळून गढूळ होतं, आणि मासे बघायला घातलेल्या चष्म्यातून नुसतं हिरवं धुकं दिसतं.

नोव्हेंबर ते एप्रिल समुद्र शांत. त्यातला डिसेंबर-जानेवारी महाग. आम्हाला विचाराल तर फेब्रुवारी. पाणी आरशासारखं, ख्रिसमसची गर्दी ओसरलेली, ऊस कारखान्याला गेलेला, त्यामुळे चिकोडी-रायबागकडच्या मंडळींनाही सवड असते. घरात दहावीचं पोरगं असेल तर पेपर संपल्यावर एप्रिलचा पहिला आठवडा धरा. १३ ते १५ एप्रिल तिथे सोंगक्रान, म्हणजे नववर्षाचा पाण्याचा सण. रस्त्यात चालताना बादलीभर पाणी अंगावर पडतं. मजा आहे, पण हॉटेलं भरलेली असतात.

आणि मेशिवाय जमतच नसेल, तर राचा-फी फी सोडा आणि फांग ङा घ्या. हा उपसागर फुकेत आणि मुख्य भूमी यांच्या मधोमध आहे, म्हणून पश्चिमेचा वारा तिथे पोहोचेपर्यंत मवाळ होतो. पाण्यातून वर आलेले शेकडो फूट उंचीचे चुनखडीचे सुळके, कयाकमधून झोपून शिरायच्या गुहा, खांबांवर उभं असलेलं पानयी हे मच्छीमारांचं गाव. पाणी मात्र हिरवट, कांदळवनातलं. पोवळी बघायला जायची ही जागा नव्हे.

बेत ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती आणि तेवढीच खोल ओहोटी. ओहोटीला बोट किनाऱ्यापासून लांब थांबते आणि पोवळ्यांच्या दगडांवरून चालत जावं लागतं. अष्टमीच्या आसपास हा त्रास कमी.

पोहायला येत नाही. हिडकलच्या धरणाकाठी उभं राहिलो तरी पाय कापतात. जमतंय काय?

जमतंय. आमच्या गटातल्या निम्म्यांना येत नाही. लाइफ जॅकेट नीट बांधलं की ते तरंगत ठेवतं, आणि खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जास्त उचलून धरतं. भीती पाण्याची कमी, तोंडाने श्वास घ्यायची जास्त असते. म्हणून आधी बोटीच्या शिडीवर बसून, चष्मा लावून, नुसतं तोंड पाण्यात घालायचं. दहा श्वास नीट आले की शिडी सोडायची. खलाशी गोल रिंग घेऊन बरोबर असतो. नळी तोंडात घट्ट धरा, पण चावू नका. मिशा असतील तर चष्म्यात पाणी शिरतं. बोटीवर व्हॅसलीन मिळालं तर मिशीवर लावा, नाही मिळालं तर थोडं पाणी सहन करा. मिशी काढायला सांगून भागत नाही, हे आम्हाला कळलंय.

ज्याला उतरायचंच नाही त्याने उतरू नये. मेव्हणे-मेव्हण्यांनी ढकलाढकली करू नये.

आमच्या हिला चोर्ला घाटातच उलटी होते. बोटीत काय होणार?

घाटात होते तिला बोटीत व्हायची शक्यता जास्त, हे खरं. कारण तेच आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांसमोरची सीट किंवा भिंत सांगते की आपण स्थिर आहोत. मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोट ढवळतं. म्हणून उपायही तिथूनच निघतो. नजर क्षितिजावर ठेवायची. खालच्या केबिनमध्ये जाऊन आडवं व्हायचं नाही. मोबाईलवर रील बघायची नाहीत. बोटीच्या मधल्या-मागच्या भागात बसायचं, तिथे हेलकावा कमी.

अॅव्होमाइनसारखी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटात टिकत नाही. बोट निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. झोप येते, आणि त्यावर बिअर अजिबात नको. मधुमेह, काचबिंदू, गरोदरपण असेल तर स्वतःच्या मनाने काहीही घेऊ नका. सकाळी उपाशी निघू नका आणि हॉटेलातला फुकटचा नाश्ता गळ्यापर्यंत भरूही नका. दोन इडल्यांएवढं खाल्लेलं बरं. आलेपाक खिशात असू दे.

उलटी झालीच तर वारा येतो त्या बाजूला तोंड करू नका, एवढी शेजाऱ्यांवर कृपा करा.

जेवणात काय असतं? आम्ही जैन आहोत, कांदा-लसूण चालत नाही.

बोटीवर दुपारचं जेवण मिळतं. भात, चिकन, नूडल्स, भाज्या, अननस-कलिंगड. शाकाहारी सांगितलं तर वेगळं करतात, पण थाई स्वयंपाकात माशाचं पाणी, ऑइस्टर सॉस आणि कोळंबीची चटणी भाजीतही बिनदिक्कत पडते. मांस दिसलं नाही म्हणजे शाकाहारी, अशी तिथली समजूत. त्यामुळे 'व्हेज' एवढ्यावर थांबू नका. तिथे 'जे' नावाचा आहार आहे. त्यात मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. फुकेतला दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा मोठा शाकाहारी उत्सव होतो, तेव्हा गल्लोगल्ली पिवळी निशाणं लावून हेच विकतात. जैन मंडळींना सर्वांत जवळचं तेच पडतं. फक्त बटाटा-गाजर त्यांना वर्ज्य नाही, ते आपणच वेगळं सांगायचं.

दुसरी गोष्ट बोटवाल्यांना सांगितल्याशिवाय सुचणारच नाही. सूर्यास्तानंतर जेवायचं नसेल तर सातला परत येऊन हॉटेलात जेवण शक्य नाही. साडेपाचला बोटीवरच खायला मिळेल अशी सोय आम्ही आधी करून ठेवतो. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, गोकाकचं करदंट घेतलं की निश्चिंत. करदंट खलाशांनाही आवडतं. कुंदा मात्र त्या उन्हात टिकत नाही.

बोटीत संडास असतो काय?

असतो, एक किंवा दोन, कपाटाएवढे. पाणी मोजकं. कागद, नॅपकिन, सॅनिटरी पॅड आत टाकलं तर पंप अडकतो आणि मग चाळीस माणसांचा दिवस बिघडतो. शेजारी डबा असतो, त्यात टाका. नळाची छोटी फवारणी असते, नसली तर बाटली न्या.

आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात. साडीच नेसते. नेऊ काय?

न्या, पण ठिकाण बघून. बोटीवर बसून राहणं तिला सहज जमेल, सावली असते. अडचण बेटावर उतरताना. यॉट किनाऱ्याला लागत नाही. छोट्या रबरी होडीत किंवा लांब शेपटीच्या लाकडी होडीत उतरायचं, तिथून पोटरीभर पाण्यात. राचाला बऱ्याचदा तरंगता धक्का असतो, तो बरा पडतो. साडी ओली झाली की पायात अडकते, म्हणून त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस किंवा लेगिंग-कुर्ता. पहिल्यांदा घालताना आढेवेढे होतात, पण संध्याकाळी त्याच आईने 'उद्या पण हेच घालतो' म्हटलेलं आम्ही ऐकलंय. बायकांना पोहायला पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पोहायचा अंगाबरोबरचा शर्ट, आणि लेगिंग चालतं. कोणी बघत नाही, आणि ऊनही लागत नाही.

लाकडी होडीच्या पुढच्या टोकाला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या दिसतील. ती माय या नांग, होडीची राखणदार देवी. त्या टोकावर पाय देऊ नका, त्यावर बसून फोटो काढू नका. आपल्या पोरांना हे एकदा सांगितलं की कळतं.

सुरक्षित आहे काय?

हंगामात, परवान्याची बोट, मोजकी माणसं असतील तर हो. पण ५ जुलै २०१८ ची घटना आम्ही लपवत नाही. राचाकडून परतणारी फिनिक्स नावाची पर्यटक बोट फुकेतजवळ वादळात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक बुडाले. हवामानाचा इशारा आधीच आलेला होता. आपल्याकडचंही विसरू नका. २१ जानेवारी २०१९ ला कारवारजवळच्या कुर्मगडाच्या नरसिंह जत्रेहून परतणारी बोट उलटून १६ जण गेले. तो पावसाळा नव्हता, बोटीत माणसं जास्त होती. एकीकडे हवामान, दुसरीकडे गर्दी. समुद्रावरच्या अनेक दुर्घटना या दोनांतून होतात.

म्हणून बोटीवर चढल्यावर तीन गोष्टी बघा. किती माणसांची परवानगी आहे ती पाटी. तेवढी लाइफ जॅकेट. आणि मुलांच्या मापाची जॅकेट वेगळी आहेत का. मोठ्यांचं जॅकेट पोरावर चढवलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खाली राहतं. कॅप्टन 'आज नाही' म्हणाला तर वाद घालू नका. 'एवढे पैसे भरलेत' हे समुद्राला सांगून उपयोग नाही.

मग त्या दिवशी रद्द झालं तर पैसे?

हवामानामुळे बंदर अधिकाऱ्यांनी बोटी थांबवल्या तर बोटवाले दुसरा दिवस देतात, नाहीतर पैसे परत. पण दुसरा दिवस द्यायला तुमच्याकडे दिवस उरला पाहिजे. यॉट कधीही सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. तुम्हालाच कंटाळा आला, रात्री जागरण झालं म्हणून नाही गेलात तर पैसे मिळत नाहीत.

सनस्क्रीन लावू काय? शिंपले आणू काय? माशांना पाव घालू काय?

पहिल्याचं उत्तर हो, पण डबी वाचून. ऑक्सिबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेंझिलिडिन कॅम्फर, ब्यूटिलपॅराबेन यांपैकी काही असलेलं सनस्क्रीन थायलंडच्या समुद्री राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद आहे. दंड एक लाख बाथपर्यंत (बाथ म्हणजे तिथलं चलन). झिंक ऑक्साइडवालं चालतं, तोंड पांढरं दिसतं एवढंच. खरं तर पूर्ण बाह्यांचा कपडा सगळ्यात भारी. पाण्यात पालथं पडून मासे बघताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात, हे रात्री अंथरुणावर कळतं.

बाकी दोघांचं उत्तर नाही. पोवळ्याचा तुकडाही उचलायचा नाही. पोवळं दगडासारखं दिसलं तरी जिवंत असतं. त्यावर उभं राहिलं की ते मरतं, आणि तुमच्या पायाची जखम आठवडाभर चिघळते. तळाशी काळे काटेरी समुद्री साळू असतात, उथळ पाण्यात पाय टेकताना बघा. काही किनाऱ्यांवर जेलीफिश डसली तर लावायला व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावलेल्या दिसतील. त्या जागा ध्यानात ठेवा. फी फीकडच्या माकडांपासून लांब राहा. चावलं किंवा ओरखडलं तर रेबीजची इंजेक्शनं तिथेच सुरू करावी लागतात. सौंदत्तीच्या डोंगरावर प्रसाद हिसकावणाऱ्या माकडांची सवय असणाऱ्यांनी इथे धाडस दाखवू नये.

स्कूबा करायचंय. पोहता येत नसलं तरी चालतं म्हणतात.

चालतं. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं असतं, प्रशिक्षक धरून नेतो. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, जुनाट सर्दी असेल तर नाही. डुबकीनंतर लगेच विमानात बसायचं नाही. एका डुबकीनंतर किमान १२ तास, जास्त डुबक्या असतील तर १८. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो, सांधे दुखतात, कधी त्याहून वाईट होतं.

हा नियम विमानापुरता नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरच्या वर चढायचं असेल तरी तो लागू होतो. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे मालवण, गोवा किंवा मुर्डेश्वरला दुपारी स्कूबा करून संध्याकाळी चोर्ला, आंबोली नाहीतर अनमोडचा घाट चढणं या नियमात बसत नाही. दर शनिवार-रविवारी आपली किती पोरं नेमकं हेच करतात! रात्रभर खाली मुक्काम करा, सकाळी चढा.

कागदपत्रं काय लागतात? आणि जायचं कसं?

पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा. भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसामाफी आहे का आणि किती दिवसांची, हे नियम बदलत राहतात. तिकीट काढायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, ऑनलाइन, फुकट. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत. परतीचं तिकीट आणि हॉटेलची पावती जवळ ठेवा.

सीमाभागातला खास घोळ नावाच्या स्पेलिंगचा. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, कन्नड नोंदीवरून आलेल्या कागदावर दुसरं, पासपोर्टवर तिसरंच. विमानाचं तिकीट फक्त पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे काढा, आडनाव-नावाचा क्रमही तोच. जन्मस्थान बेळगाव या जुन्या नावाने आहे की २०१४ नंतरच्या बेळगावी या नावाने, याचा तिकिटाशी संबंध नाही.

सांबऱ्याहून विमानाने बेंगळुरू किंवा मुंबई, तिथून थेट फुकेत, साडेचार तासांच्या आसपास. बेंगळुरूला वंदे भारतनेही जाता येतं. घड्याळ दीड तास पुढे करा.

खर्च किती?

इतर प्रवाशांबरोबरची यॉट माणशी साधारण अडीच हजार बाथपासून पुढे, बोट आणि महिना बघून. एका बाथला किती रुपये, तो दर त्या दिवशी बघा. त्यात हॉटेल ते धक्का गाडी, जेवण, चष्मा-नळी, विमा आहे का ते लेखी घ्या. राष्ट्रीय उद्यानाची फी बऱ्याचदा वेगळी. फी फीला परदेशी प्रौढाला ४०० बाथ, सिमिलानला ५००, मुलांना कमी. पूर्ण बोट भाड्याने घेतली तर ७ टक्के व्हॅट, जादा तासाचे पैसे आणि इंधन कोणाचं, हे तिन्ही आधी विचारा. इथून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती सांभाळा.

आम्ही वीस जण आहोत, भावकीच सगळी. पूर्ण बोट घ्यावी काय?

घ्या. वीस माणसांत हिशेब फार बिघडत नाही आणि वेळ आपल्या हातात राहतो. गाणी आपली लागतात. आमच्या गटात मराठी आणि कन्नड बोलणारे मिसळलेले असतात, सूचना दोन्ही भाषांत देतो, गाण्यांवरून मात्र दरवेळी खडाजंगी. बेटाजवळ नांगर टाकल्यावर स्पीकर बंद करायचा, हा आमचा नियम. दारू घ्यायची त्यांनी पाण्यातलं सगळं आटोपल्यावर.

एवढं लांब कशाला? मालवण-कारवारला होत नाही काय?

होतं की. मुर्डेश्वरहून नेत्राणी, वास्कोजवळचं ग्रँड बेट, मालवणचा सिंधुदुर्ग. नेत्राणीजवळची पोवळी आणि मासे आपल्या किनाऱ्यावर उत्तमांपैकी आहेत. तिथे मुख्यतः साध्या मोटारबोटी, अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या. सावली कमी, संडासाची खात्री नाही. पण खर्च फुकेतच्या मानाने किरकोळ आणि पासपोर्ट लागत नाही. आम्ही तर नवख्यांना सांगतो, आधी डिसेंबरात नेत्राणी करून या. पोट टिकतं का, पाण्यात तोंड घालवतं का, ते तिथेच कळेल. जूनपासून पाऊस संपेपर्यंत इकडच्या बोटी बंदच असतात.

ड्रोन, व्हेप, मोबाईल?

ड्रोनला तिथे नोंदणी लागते, राष्ट्रीय उद्यानात वेगळी परवानगी. नेऊच नका. व्हेप म्हणजे ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, बॅगेतही नको. मोबाईलला पाणी न शिरणारी पिशवी घ्या आणि घरी तिच्यात टिश्यू पेपर घालून, बादलीत बुडवून आधी तपासा.

खलाशांना बक्षिशी द्यायची पद्धत आहे काय?

सक्ती नाही, पण देतात. उतरायच्या जागी एक डबा ठेवलेला असतो. माणशी शंभर बाथ ठीक. आईचा हात धरून दोन वेळा वाळूवर नेलं-आणलं असेल, त्याला वेगळे द्या, हातात द्या. नाणी नकोत, नोट द्या.